गेटवे बोलतो तेव्हा ऐकत नाही : लोरावॅनमधील डाउनलिंकचा आढावा

कमी विजेवर चालणाऱ्या, लांब पल्ल्याच्या नेटवर्कची जाहिरात नेहमी एकाच दिशेची असते. पाण्याचा मीटर, मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर, कचराकुंडी भरली की कळवणारी छोटी डबी, ही सगळी उपकरणे एका लिथियम सेलवर वर्षानुवर्षे चालतात. काही किलोमीटरवरच्या गेटवेपर्यंत ती आपले आकडे पोचवतात. सिमकार्ड लागत नाही, महिन्याचे बिल येत नाही. यातले काही खोटे नाही. मात्र उलट दिशेने, नेटवर्ककडून उपकरणाकडे, काही धाडायचे झाले की अडचणी सुरू होतात. ‘तुझा निरोप मिळाला’, ‘व्हॉल्व्ह बंद कर’, ‘तासाला एकदाऐवजी दिवसातून चारदा बोल’, ‘हे नवे फर्मवेअर घे’ असे हे निरोप दिसायला किरकोळ असतात. पण प्रकल्प रखडतात ते बहुतेक वेळा याच दिशेला.

या उलट दिशेची, म्हणजे डाउनलिंकची, कामगिरी सुधारण्यासाठी गेल्या दहा वर्षांत बरेच काम झाले आहे. त्याचा हा आढावा मुख्यतः लोरावॅनपुरता आहे, कारण परवानामुक्त पट्ट्यात कोणालाही स्वतःचे नेटवर्क उभारता येईल असे तेच तंत्र सर्वाधिक पसरले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. डाउनलिंक ही या नेटवर्कमधली सर्वांत टंचाईची सामायिक वस्तू आहे. ती वाढवण्याच्या युक्त्या आहेत आणि त्या वापरायलाच हव्यात. पण सर्वांत मोठा फायदा होतो तो ती कोणावर खर्च करायची आणि कोणावर नाही, हे आधी ठरवल्याने.

लोरावॅन ज्या रेडिओ-तंत्रावर उभे आहे त्या लोराचा जन्म फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरातला. सायक्लिओ नावाच्या छोट्या कंपनीने विकसित केलेले हे तंत्र २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेक कंपनीने विकत घेतले. २०१५ मध्ये लोरा अलायन्स स्थापन झाली आणि लोरावॅनचा पहिला मसुदा आला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने त्याला मानक म्हणून मान्यता दिली. लोरा संदेश पाठवते ते वारंवारता चढत नेणाऱ्या ‘चर्प’ लहरींमधून. प्रत्येक लहर किती लांबवायची हे स्प्रेडिंग फॅक्टरवर, म्हणजे इंजिनिअरांच्या बोलीत ‘एसएफ’वर, ठरते. एसएफ ७ ते एसएफ १२ अशा सहा पायऱ्या आहेत. एक पायरी चढली की लहर दुप्पट लांबते आणि सुमारे अडीच डेसिबल अधिक क्षीण संदेश ऐकता येतो. १२५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर एसएफ ७ ची एक लहर १ मिलिसेकंदाची, तर एसएफ १२ ची जवळजवळ ३३ मिलिसेकंदांची. म्हणजे दहा बाइटचा मजकूर एसएफ ७ वर ६२ मिलिसेकंदांत जातो आणि तोच एसएफ १२ वर जवळजवळ दीड सेकंद हवेत राहतो. पुढचा सगळा हिशेब या ‘एअरटाइम’चाच आहे.

आता गेटवेकडे पाहू. सर्रास वापरल्या जाणाऱ्या गेटवेच्या चिपमध्ये आठ समांतर डिमॉड्युलेटर असतात. वेगवेगळ्या चॅनलवरचे, वेगवेगळ्या एसएफचे आठ संदेश ती एकाच वेळी उलगडू शकते. उपकरणाकडून गेटवेकडे येणारी दिशा, म्हणजे अपलिंक, इतकी ताकदवान वाटते ती यामुळे. दोन संदेश एकमेकांवर आदळले तरी जास्त जोरदार असलेला बऱ्याचदा वाचतो. पाठवायला मात्र गेटवेकडे ट्रान्समीटर एकच असतो आणि तो सुरू असेपर्यंत आठही कान बंद राहतात. एका मीटरला पोच देण्यासाठी गेटवेने तोंड उघडले की त्या क्षणी बोलणाऱ्या बाकीच्या सगळ्यांचे संदेश वाया जातात. म्हणून डाउनलिंकची किंमत ती मागणारा एकटा मोजत नाही, सगळी वस्ती मोजते.

दुसरी मर्यादा उपकरणाच्या बाजूची. बॅटरीवरचे उपकरण साधारणपणे ‘क्लास ए’चे असते, म्हणजे एरवी ते झोपलेले असते. ते स्वतः बोलले तरच ऐकते, तेही दोनदाच. संदेश संपल्यावर एका सेकंदाने पहिली रिसीव्ह विंडो उघडते, दोन सेकंदांनी दुसरी. पहिलीत गेटवेने त्याच चॅनलवर आणि नेहमीच्या मांडणीत त्याच एसएफवर उत्तर द्यायचे असते. दुसरीची वारंवारता आणि एसएफ आधीच ठरलेले असतात. दोन्ही चुकल्या, तर उपकरण पुढच्यांदा बोलेपर्यंत थांबणे आले.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते बारकाईने बघण्यासारखे आहे. नाशिककडच्या एखाद्या द्राक्षबागेत ठिबकच्या लाइनवर बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्ह बसवला आहे आणि तो दर पंधरा मिनिटांनी आपली स्थिती कळवतो, असे समजा. बागायतदाराने मोबाइलवर ‘बंद’ दाबले. आज्ञा नेटवर्क सर्व्हरच्या रांगेत जाऊन बसली. व्हॉल्व्ह पुन्हा बोलेपर्यंत सरासरी साडेसात मिनिटे, जास्तीत जास्त पंधरा, कोणी काहीच करू शकत नाही. मग व्हॉल्व्ह बोलतो आणि गेटवे ते ऐकतो. गेटवेला इंटरनेट मिळते ते ४जीच्या डोंगलमधून. पाकीट सर्व्हरवर पोचते. तोच संदेश आणखी कुठल्या गेटवेने ऐकला आहे का हे पाहण्यासाठी सर्व्हर थोडे थांबतो. चर्पस्टॅक या खुल्या सर्व्हरमध्ये ही वाट मूळ मांडणीत २०० मिलिसेकंदांची असते. मग उत्तर कोणत्या गेटवेने द्यायचे हे ठरते आणि पाकीट पुन्हा ४जीवरून परत येते. ते नियोजित क्षणाच्या आधी गेटवेच्या रांगेत पोचले पाहिजे, एक मिलिसेकंदही उशीर चालत नाही. बागेतल्या ४जीला त्या दिवशी रेंज कमी असेल, तर पहिली विंडो हुकते. दुसऱ्या विंडोच्या वेळी तोच गेटवे आणखी कोणाला पोच देत असेल, तर तीही जाते. व्हॉल्व्ह झोपी जातो आणि पाणी आणखी पंधरा मिनिटे वाहते. बागायतदाराच्या लेखी यंत्र बिघडलेले आहे. खरे तर प्रत्येक भाग नियमाप्रमाणेच वागला.

अशा जागी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पहिली विंडो पुढे ढकलणे. लोरावॅनमध्ये ती १ ते १५ सेकंदांपर्यंत कितीही लांबवता येते. द थिंग्ज नेटवर्क या जगभर पसरलेल्या सामुदायिक नेटवर्कने ती ५ सेकंदांवर नेली आहे. मधल्या वेळात उपकरण झोपलेलेच असल्याने बॅटरीवर फारसा भार येत नाही. अट एकच, उपकरणाचे घड्याळ नीट असायला हवे. चांगल्या क्रिस्टलची चूक ५ सेकंदांत मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते. चिपच्या आतले स्वस्त आरसी घड्याळ एक टक्का चुकत असेल, तर तेवढ्याच वेळात ते ५० मिलिसेकंद सरकते. एसएफ ७ वर सुरुवातीच्या सूचक लहरींची लांबी ८ मिलिसेकंदांच्या आसपास असल्याने ते उपकरण रिकाम्या हवेत कान देऊन परत झोपते. क्रिस्टलवर पैसे वाचवलेली उपकरणे डाउनलिंकला ‘रेंज नाही’ म्हणून परत येतात, तेव्हा पहिल्यांदा घड्याळ तपासावे.

युरोपात या टंचाईला कायद्याचीही जोड आहे. तिथे ८६८ मेगाहर्ट्झच्या नेहमीच्या चॅनलांवर कोणीही तासातला एक टक्का वेळच पाठवू शकतो, म्हणजे ३६ सेकंद. गेटवेही याला अपवाद नाही. दुसऱ्या विंडोसाठी ८६९.५२५ मेगाहर्ट्झची जागा राखलेली आहे, तिथे दहा टक्के वेळ आणि ५०० मिलिवॅट शक्तीची मुभा आहे. मूळ मांडणीत ही विंडो एसएफ १२ वर असते. नुसती कोरी पोच एसएफ १२ वर ९९१ मिलिसेकंद घेते, म्हणजे एका तासाच्या ३६० सेकंदांत पोचा बसतात जेमतेम ३६३. हजारो मीटरांचे आकडे ऐकू शकणारा गेटवे तासाला पावणेचारशे जणांनाही उत्तर देऊ शकत नाही. द थिंग्ज नेटवर्कने हीच विंडो एसएफ ९ वर आणली. पोच १४४ मिलिसेकंदांवर आली आणि त्याच ३६० सेकंदांत अडीच हजारांच्या जवळपास पोचा मावू लागल्या. एसएफ तीन पायऱ्या उतरवल्याने गेलेले साडेसात डेसिबल गेटवेच्या जास्त शक्तीने भरून निघतात. एका आकड्याच्या बदलाने सातपट फरक पडल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. इतके करूनही या नेटवर्कने प्रत्येक उपकरणाला दिवसाला जास्तीत जास्त दहा डाउनलिंकची मर्यादा घातली आहे आणि पोचा त्यातच मोजल्या जातात.

सिगफॉक्स या अशाच कमी विजेच्या नेटवर्कच्या कंपनीने तर सुरुवातीपासूनच हात आखडता ठेवला होता. दिवसाला १४० अपलिंक आणि चार डाउनलिंक, त्याही आठ-आठ बाइटच्या. ती कंपनी जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि एप्रिलमध्ये सिंगापूरच्या युनाबिझने ती घेतली. पण ‘दिवसाला चार’ हा आकडा करारातच लिहिण्याचा तिचा प्रामाणिकपणा मला आजही आवडतो. ग्राहक त्या आकड्याभोवती आपली रचना करत असे.

२०१७ हे वर्ष या विषयात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी आदेलांतादो आणि सहकाऱ्यांनी लोरावॅनच्या मर्यादांचा बहुचर्चित लेख लिहिला. त्याच सुमारास ब्रिस्टलमधल्या तोशिबाच्या संशोधकांनी, दुतर्फा वाहतूक लोरावॅनला उपकारक आहे की अपायकारक, असा थेट प्रश्न आपल्या निबंधाच्या शीर्षकातच विचारला. बेल्जियममधल्या व्हॅन डेन अबील आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेशनमधून मोठ्या नेटवर्कची वाढ तपासली. निरनिराळ्या वाटांनी गेलेले हे अभ्यास एकाच जागी पोचले : पोच मागणारी उपकरणे वाढली की आधी डाउनलिंक कोलमडते आणि पाठोपाठ अपलिंकही ढासळते.

यामागची साखळी समजून घेतली पाहिजे. मीटरने आकडा पाठवला आणि पोच मागितली. आकडा पोचला, पण गेटवे अन्यत्र गुंतला असल्याने पोच गेली नाही. मीटरला वाटते आपलाच संदेश हरवला. तो पुन्हा पाठवतो. मानकातल्या शिफारशीप्रमाणे एकूण आठ प्रयत्नांपर्यंत जाता येते आणि दर दोन प्रयत्नांनंतर वेग एका पायरीने उतरतो, म्हणजे एसएफ चढतो. प्रत्येक नवा प्रयत्न आधीपेक्षा लांब, जास्त हवा अडवणारा, जास्त टकरा घडवणारा. त्या टकरांमुळे इतरांचे संदेश हरवतात, तेही पुन्हा बोलू लागतात. आकडा पहिल्याच खेपेला पोचलेला असताना हे सगळे घडते. खात्रीसाठी मागितलेली पोचच नेटवर्कला बेभरवशाचे करून टाकते.

भारतात परिस्थिती थोडी वेगळी आहे आणि त्यामुळे गैरसमजही वेगळा. २००५ च्या अधिसूचनेने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मुक्त झाला, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. लोरावॅनच्या भारतीय मांडणीत तीन मूळ चॅनल आहेत आणि दुसरी विंडो ८६६.५५ मेगाहर्ट्झवर, एसएफ १० वर उघडते. युरोपसारखी वेळेची टक्केवारी इथे नाही. त्यामुळे ‘आपल्याकडे ड्युटी सायकल नाही, हव्या तितक्या पोचा द्या’ असे सर्रास ऐकू येते. कायद्याची मर्यादा नसली तरी ट्रान्समीटर सुरू असताना कान बंद असण्याची मर्यादा जशीच्या तशी राहते.

साधा हिशेब करून बघा. एका उपनगरात एक गेटवे आणि १,२०० पाणीमीटर आहेत. प्रत्येक जण तासाला एकदा दहा बाइटचा आकडा पाठवतो आणि पोच मागतो. सगळे एसएफ १० वर आहेत असे धरू. आकडा ३७१ मिलिसेकंदांचा, पोच २८९ मिलिसेकंदांची. गेटवे तासातले ३४७ सेकंद, म्हणजे जवळजवळ दहा टक्के वेळ, पोचा वाटण्यातच घालवतो. पण नुकसान दहा टक्क्यांवर थांबत नाही, कारण आकड्याचा कुठलाही तुकडा पोचेच्या वेळेत सापडला तरी पूर्ण आकडा जातो. दोन्ही कालावधींची बेरीज ०.६६ सेकंद होते, तासाला अशा १,२०० वेळा. मीटर आपापल्या वेळी बोलतात असे मानले तर साधारण पाचातला एक आकडा केवळ गेटवे बोलत होता म्हणून बुडतो. मीटरांच्या आपसातल्या टकरा यात धरलेल्याच नाहीत आणि हरवलेल्यांच्या फेरप्रयत्नांचा भार वेगळाच. आता फक्त एक बदल करा. पोच दिवसातून एकदाच मागा, बाकीचे तेवीस आकडे विनापोच जाऊ द्या. तासाला ५० पोचा उरतात आणि याच कारणाने होणारे नुकसान एक टक्क्याच्या आत येते.

पाणीमीटरला याहून जास्त पोच लागतच नाही. मीटर आतापर्यंत वाहिलेल्या पाण्याची एकूण बेरीज पाठवतो. दुपारी दोनचा आकडा हरवला तर तीनच्या आकड्यात ते पाणी मोजलेले असतेच, एका लिटरचाही हिशेब चुकत नाही. तासावारी नोंद हवी असेल तर प्रत्येक संदेशात मागचे तीन-चार आकडे जोडून पाठवावेत. चार-सहा बाइट वाढतात, पोच वाचते. मीटर उघडल्याची, उलट प्रवाहाची किंवा पाइप फुटल्याची सूचना मात्र पोच घेऊनच जावी. सगळ्याच निरोपांना ‘कन्फर्म्ड’ करून टाकणे ही प्रोग्रामरची सवय आहे, आणि डाउनलिंक सुधारणेचा पहिला तास मी नेहमी ती सवय मोडण्यावर खर्च करीन.

दुसरा मोठा फायदा एसएफ खाली आणण्यात आहे. सर्व्हर उपकरणाला वेग आणि शक्ती बदलण्याची आज्ञा देतो, तिला एडीआर म्हणतात. ही आज्ञा स्वतःच एक डाउनलिंक असली तरी ती लगेच वसूल होते. एसएफ १० वरचे उपकरण एसएफ ७ वर आले की पहिल्या विंडोतली त्याची पोच २८९ ऐवजी ४१ मिलिसेकंदांत उरकते. शिवाय अशा आज्ञा एरवीच्या उत्तराच्या शीर्षकात १५ बाइटपर्यंत फुकट बसतात, त्यासाठी वेगळे पाकीट पाठवणारा सर्व्हर आळशी म्हणावा. विंडोची निवडही महत्त्वाची आहे. जवळच्या, एसएफ ७ वरच्या उपकरणाला पहिली विंडोच फायद्याची. लांबच्या, एसएफ १२ वरच्या उपकरणाला मात्र दुसरी विंडो बरी, कारण तिथे एसएफ १० ची पोच पाऊण सेकंद वाचवते. गेटवेला भारतीय मांडणीत एक वॅटपर्यंत पाठवता येते आणि बॅटरीवरचे उपकरण बहुधा त्याच्या पंचवीस-चाळिसाव्या हिश्श्यानेच बोलत असते. म्हणून उतरत्या दिशेला दोन पायऱ्या कमी करणे बहुतेक ठिकाणी परवडते. किती सर्व्हर हा विचार आपणहून करतात? अनेकदा पहिली विंडो हुकली तरच दुसरी, एवढाच नियम लावलेला असतो.

मग येतो गेटवेच्या निवडीचा प्रश्न, आणि मला तो या विषयातला सर्वांत रंजक वाटतो. एकच संदेश तीन-चार गेटवेंनी ऐकला तर उत्तर कोणी द्यायचे? सोपा नियम असा की ज्याने सर्वांत स्वच्छ ऐकले त्याने. गावातल्या सर्वांत उंच टाकीवरचा गेटवे सगळ्यांचेच स्वच्छ ऐकतो. त्यामुळे उत्तर देण्याचे काम पुन्हा पुन्हा त्याच्याच गळ्यात पडते. युरोपात त्याचा तासाचा कोटा आधी संपतो. भारतात तो सर्वांत जास्त वेळ न ऐकता राहतो. ज्याचे कान सर्वांत मोलाचे त्यालाच आपण सर्वांत जास्त बोलायला लावतो. २०१९ मध्ये ग्रेनोबलच्याच संशोधकांनी डाउनलिंकचा भार अनेक गेटवेंवर कसा वाटावा आणि गेटवे वाढवल्याने किती फरक पडतो, यावर लक्ष केंद्रित केले. त्या दिशेने गेलेल्या कामाचा मथितार्थ व्यवहारात असा घ्यावा : उत्तर पोचण्यापुरती ताकद ज्यांच्याकडे आहे अशा गेटवेंपैकी सर्वांत मोकळा निवडा, आणि शक्यतो ज्याच्या बोलण्याने सर्वांत कमी लोकांचे नुकसान होते तो. तळमजल्याच्या दुकानावर बसवलेला, दोन गल्ल्यांपुरता ऐकणारा स्वस्त गेटवे इथे उत्तम कामाला येतो. गेटवे वाढवल्याने दुहेरी लाभ होतो. अंतर घटल्याने एसएफ उतरतात आणि बोलण्याचे काम वाटले जाते. चार मोठ्या मनोऱ्यांच्या पैशात दोन मोठे आणि दहा छोटे घ्यावेत, हे माझे ठाम मत आहे.

बोलताना ऐकणारा, म्हणजे फुल डुप्लेक्स गेटवे घ्यावा का? अमेरिकेत ते जमण्यासारखे आहे, कारण तिथे अपलिंक ९०२ ते ९१५ मेगाहर्ट्झमध्ये आणि डाउनलिंक ९२३ च्या वर असते. मधल्या अंतरात फिल्टर बसतो. आपल्याकडे सगळा कारभार दोन-तीन मेगाहर्ट्झच्या पट्टीत चालतो, इतक्या अरुंद जागेत एका वॅटचा आवाज रोखणारा फिल्टर बनवणे व्यवहार्य नाही. शिवाय या पट्ट्यात आपण एकटे नाही. वीजमीटरांची आरएफ मेश नेटवर्क इथेच चालतात. टोलनाक्यावरचा फास्टॅग वाचणारा रीडरही ८६५ ते ८६७ मध्येच बोलतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत गेटवे लावणाऱ्याने टोलनाक्यापासून अंतर राखावे, तिथल्या उपकरणांना डाउनलिंक ऐकू येणे कठीण जाते.

वेळेवर आज्ञा पोचणे गरजेचे असेल तर क्लास ए सोडावा लागतो. ‘क्लास बी’मध्ये गेटवे जीपीएसच्या घड्याळाने दर १२८ सेकंदांनी एक बीकन सोडतो आणि उपकरणे त्याला धरून ३० मिलिसेकंदांच्या ठरावीक फटींमध्ये कान उघडतात. कल्पना देखणी आहे. पण प्रत्येक गेटवेला अचूक वेळ लागते, बीकन ऐकण्यासाठी उपकरणाची बॅटरी खर्च होते, आणि बाजारात अशी उपकरणे कमीच आहेत. व्हॉल्व्हसारख्या, मिनिट-दोन मिनिटांची वाट चालणाऱ्या कामांसाठी क्लास बी योग्य आहे आणि तो यापेक्षा जास्त वापरात यायला हवा. ‘क्लास सी’ सतत ऐकतो, म्हणून त्याला वायरची वीज लागते. रस्त्यावरचे दिवे, पंपाचे स्टार्टर यांना तो साजेसा.

दिव्यांच्या बाबतीत मल्टिकास्टसारखा उपाय नाही. पाचशे दिव्यांना ‘निम्म्या प्रकाशावर ये’ असे एकेकट्याला सांगायचे तर एसएफ १० वर पाच बाइटची आज्ञा प्रत्येकी ०.३३ सेकंद घेते, एकूण पावणेतीन मिनिटे, आणि तेवढा वेळ गेटवे कोणाचेच ऐकत नाही. दारोदार सांगत फिरण्याऐवजी दवंडी पिटावी तसे एकाच गट-पत्त्यावर एकदा बोलले की ०.३३ सेकंदात काम झाले. खात्रीसाठी तीनदा बोलले तरी एक सेकंद. दिव्यांनी ‘ऐकले’ म्हणून लगेच कळवायचे नाही, आपल्या नेहमीच्या अहवालातच नवी स्थिती सांगायची.

फर्मवेअर बदलताना तर याला पर्यायच नाही. ५० किलोबाइटची फाइल भारतीय मांडणीत एसएफ १० वर ४८-४८ बाइटच्या तुकड्यांनी पाठवली तर हजाराहून अधिक तुकडे आणि सुमारे १२ मिनिटांचा एअरटाइम लागतो. पाचशे उपकरणांना एकेक करून पाठवायचे म्हणजे शंभर तासांहून अधिक. लोरा अलायन्सने मल्टिकास्ट, घड्याळ जुळवणी आणि तुकड्यांच्या वाहतुकीचे स्वतंत्र नियम २०१८ मध्ये आणले, ते यासाठीच. त्यात मूळ तुकड्यांसोबत काही मिश्र तुकडे जास्तीचे पाठवतात. कोणाचे कुठले हरवले हे विचारायची गरज पडत नाही, प्रत्येक उपकरण आपली पोकळी त्या जास्तीच्या तुकड्यांतून स्वतः भरून काढते. उलट दिशेला एकही तक्रार न येता फाइल पुरी होणे, हेच या रचनेचे खरे सौंदर्य.

वीज जाऊन आल्यानंतरचा पहिला अर्धा तास हा अनेक नेटवर्कचा सर्वांत वाईट काळ असतो, आणि आपल्याकडे तो विसरून चालत नाही. वीज आली की पाचशे दिवे एकाच सेकंदाला जागे होतात आणि नेटवर्कमध्ये शिरण्याची परवानगी मागतात. परवानगी ही डाउनलिंकच असते, एसएफ १० वर ३३ बाइटची ४५० मिलिसेकंदांहून थोडी जास्त. एकामागे एक अगदी शिस्तीत दिली तरी पावणेचार मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात बाकीच्यांच्या विनंत्या ऐकल्याच जात नाहीत. उपाय साधे आहेत. जागे झाल्यावर प्रत्येकाने काही मिनिटांतली एक यादृच्छिक वेळ थांबावे, आणि मुळात जुन्या सत्राच्या किल्ल्या कायमच्या मेमरीत जपून पुन्हा परवानगीच मागू नये. या दोन ओळी फर्मवेअरमध्ये असतील तर वीज आल्यावर दिवे शांतपणे कामाला लागतात.

अलीकडच्या सुधारणांविषयी थोडक्यात. एलआर-एफएचएसएस ही नवी पद्धत उपग्रहापर्यंत आणि दाट शहरांत अपलिंकची क्षमता खूप वाढवते, पण ती फक्त वर जाणाऱ्या दिशेची आहे. तिच्यामुळे दोन दिशांमधली दरी आणखी रुंदावते. २०२२ मध्ये आलेल्या रिले मानकाने तळघरातल्या मीटरला जवळच्याच बॅटरीवरच्या मध्यस्थामार्फत दोन्ही दिशांनी जोडता येते, आणि ते मला अधिक उपयोगी वाटते. दुसरीकडे मोबाइल कंपन्यांचे एनबी-आयओटी आहे. २०१६ मध्ये मानक झालेल्या या तंत्रात परवान्याचा १८० किलोहर्ट्झचा पट्टा असतो, बेस स्टेशन वेळा वाटून देते आणि क्षीण जागी तोच डाउनलिंक संदेश २,०४८ वेळांपर्यंत पुन्हा पाठवता येतो. पोच हवीच, आज्ञा वेळेत पोचायलाच हवी अशा कामांसाठी मी निःसंकोच एनबी-आयओटी सुचवतो. मात्र तिथेही उपकरण गाढ झोपेत असेल तर बेस स्टेशनला थांबावेच लागते. ऐकण्याच्या दोन वेळांमधले अंतर तिथे जवळजवळ तीन तासांपर्यंत लांबवता येते.

महापालिका, पाणीपुरवठा योजना आणि औद्योगिक वसाहतींच्या निविदांमध्ये आज कव्हरेजचा नकाशा मागितला जातो. तो नकाशा वर येणाऱ्या दिशेचा असतो. निविदा लिहिणाऱ्या अभियंत्यांना माझी विनंती आहे की त्यासोबत आणखी चार आकडे मागा. प्रत्येक उपकरणाला दिवसाला किती डाउनलिंकची हमी आहे? शंभरातल्या पंचाण्णव आज्ञा किती वेळात पोचतात? सगळ्या उपकरणांचे फर्मवेअर बदलायला किती तास लागतात? आणि वीज जाऊन आल्यावर नेटवर्क पूर्ववत व्हायला किती मिनिटे लागतात? हे आकडे कागदावर न घेता, ठरलेल्या संख्येची उपकरणे बसवून झाल्यावर प्रत्यक्ष मोजून घ्या आणि शेवटचा हप्ता त्यांना बांधा.